‘मला जमत नाही’ याची सिद्धता द्या

‘बाई, आपलं डोकंच नाही गणिताचं.’ सोलापूरच्या पूर्व भागात संध्याकाळी भरणाऱ्या आमच्या दहावीच्या वर्गात नवी विद्यार्थिनी आली, की नाव सांगून झाल्यावर तिचं दुसरं वाक्य बहुतेक हेच असतं. या वर्गातल्या बायका १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून, बोर्डाच्या परीक्षेला बसतात. कुणाची शाळा आठवीत सुटली, कुणाची नववीत. बहुतेकींच्या घरी तेलुगू बोललं जातं आणि दिवसभर मांडीवर विड्यांचं सूप असतं. परीक्षेत नापास झालेल्या त्यात थोड्याच. पुष्कळ जणी परीक्षेपर्यंत पोहोचल्याच नाहीत. तरीही आपण नापास आहोत, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नसते.

माध्यमिक शाळेत गणित शिकवून मी निवृत्त झाले आणि आता हा वर्ग घेते. आत्मविश्वासावर लिहिण्याचा माझा अधिकार काय, असं कुणी विचारलं तर उत्तर एवढंच, की ‘मला येत नाही’ हे वाक्य आपल्या शाळांमध्ये गणिताच्या तासाला जितकं ऐकू येतं तितकं क्वचितच कुठे ऐकू येत असेल, आणि त्या तासाला मी फळ्यापाशी उभी होते. हे वाक्य मी पाचवीतल्या मुलांकडून ऐकलं, त्यांच्या आयांकडून ऐकलं, सहकारी शिक्षकांकडूनही ऐकलं. म्हणणाऱ्याचा आवाज प्रत्येक वेळी सारखाच असतो. त्यात तक्रार नसते, रागही नसतो. आपला रक्तगट सांगावा तसं माणूस ते सांगून मोकळं होतं.

मला त्या निर्धास्तपणाशीच भांडायचं आहे. ‘मला जमत नाही’ हे एक विधान आहे, आणि विधान तपासता येतं. दहावीच्या भूमितीत प्रत्येक प्रमेयाखाली आपण पक्ष, साध्य आणि सिद्धता लिहितो. काय दिलेलं आहे, काय सिद्ध करायचं आहे आणि ते कशावरून सिद्ध होतं, हे मांडल्याशिवाय गुण मिळत नाहीत. स्वतःबद्दलच्या वाईट मताला मात्र आपण हा नियम लावत नाही. तिथे साध्य आधीच सिद्ध धरलेलं असतं. वर्षानुवर्षं ते मनातल्या मनात घोकायचं आणि पाठ झालं म्हणून खरं मानायचं, असं चालू राहतं.

एका विद्यार्थिनीचं सांगते. वय पस्तिशीच्या पुढे, मोठी मुलगी नववीत. शेकडेवारीचं उदाहरण आलं की ही पेन खाली ठेवायची. ‘टक्के काढणं या जन्मात जमायचं नाही,’ असं शेजारणीला हळूच सांगायची. एका संध्याकाळी मी पुस्तक मिटलं आणि तिला विचारलं, ‘कारखान्यात हजार विड्या दिल्या, त्यातल्या साठ छाट म्हणून बाजूला काढल्या, तर पंचवीस-पंचवीसच्या जुड्या किती होतील?’ तिने वर बघितलंसुद्धा नाही. ‘नऊशे चाळीस राहिल्या. सदतीस जुड्या, वर पंधरा सुट्ट्या.’ मी म्हटलं, ‘आणि शंभरामागे किती गेल्या?’ ‘सहा.’ मी फळ्यावर ६% लिहिलं आणि म्हटलं, ‘झालं की. टक्केवारी काढलीस तू.’ तेव्हा ती म्हणाली, ‘हा तर हिशेब झाला बाई. यात गणित कुठंय?’

माझ्या मते सगळं मर्म या प्रश्नात आहे. हिशेब तिला येत होता, पण जे येतं ते गणित नव्हेच, असं तिने ठरवून टाकलं होतं. आपल्याविरुद्धचं मत टिकवायला मन अशी युक्ती करतं. चुकलं की ‘बघ, मी म्हटलंच होतं’, आणि बरोबर आलं की ‘ते सोपं होतं’, ‘नशिबाने आलं’, ‘बाईंनी सांगितलं म्हणून आलं’. खटल्यात फिर्यादीचे साक्षीदार तेवढे बोलवायचे आणि बचावाचा एकही आत घ्यायचा नाही, असा हा कारभार आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी १९६०च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांशी बोलताना हेच टिपलं. रुग्णाच्या मनात स्वतःबद्दलचे वाईट विचार आपोआप, झपाट्याने उमटतात आणि तो ते न तपासता खरे मानतो, असं त्यांना आढळलं. त्यांची पुढची सगळी उपचारपद्धती या विचारांना पुरावा मागण्यावर उभी राहिली.

हा प्रकार कमी शिकलेल्यांपुरता आहे असंही समजू नये. पॉलीन क्लान्स आणि सुझान इम्स या दोन मानसशास्त्रज्ञ महिलांनी १९७८ मध्ये उच्चशिक्षित, यशस्वी स्त्रियांबद्दल एक लेख लिहिला. पदव्या आणि मानसन्मान मिळूनही या बायकांना वाटत राहायचं, की आपली लायकी नाही, लोकांची आपल्याबाबत गफलत झाली आहे आणि एक दिवस आपलं बिंग फुटेल. विडी वळणारी बाई आणि प्राध्यापक बाई, दोघींच्या मनातली मांडणी एकच आहे.

हे मत येतं कुठून? कुणीही ते जन्मतः घेऊन येत नाही. घरात तेलुगू बोलणारी सहा वर्षांची मुलगी मराठी शाळेत बसते. बाईंनी विचारलेला प्रश्न कळायलाच तिला वेळ लागतो. तोवर पुढच्या बाकावरची मुलं उत्तर देऊन मोकळी होतात. आठवड्याभरात कुणीतरी तिला ‘ढ’ म्हणतं. तिसरीत पाढा अडखळला की भर वर्गात उभं केलं जातं. घरी कुणी म्हणतं, ‘पोरीच्या जातीला काय करायचंय गणित?’ पुढे भावाची शिकवणी लागते आणि हिच्या हातात तंबाखू आणि पानं येतात. प्रश्न समजायला लागलेला वेळ हा भाषेचा होता, बुद्धीचा नव्हता, हे तिला कुणीच सांगत नाही. बोलणारे आपापल्या वाटेने निघून जातात. त्यांचं वाक्य मात्र ती स्वतःच्या आवाजात म्हणू लागते, आणि तीस वर्षांनी ते तिला स्वतःचंच मत वाटतं.

यावर बाजारात जो उपाय मिळतो, तो घोषणांचा आहे. सकाळी आरशासमोर उभं राहा, ‘मी जिंकणारच’, ‘मी सर्वोत्तम आहे’ असं म्हणा, म्हणजे आत्मविश्वास येईल, असं सांगणाऱ्या व्याख्यानांना आणि व्हिडिओंना तोटा नाही. मला हा उपाय पटत नाही, आणि त्याला आधारही आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ‘मी प्रेमास पात्र आहे’ अशा अर्थाचं वाक्य त्यांनी लोकांना पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दल मुळात बरं मत होतं त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं, म्हणजे ज्यांच्यासाठी हा उपाय सांगितला जातो, त्यांना उलट ते वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षा वाईट वाटलं. यात नवल नाही. मनाला न पटणारं वाक्य मोठ्याने म्हटलं की मन लगेच आतून उलटतपासणी सुरू करतं. ‘मला काहीच येत नाही’ हे जसं विनापुरावा, तसं ‘मला सगळं येतं’ हेही विनापुरावाच. एका खोट्या विधानाच्या जागी दुसरं ठेवून कुणाचा पाया भक्कम होत नाही.

मग काय करावं? अल्बर्ट एलिस यांची गोष्ट मी वर्गात आवर्जून सांगते. १९१३ मध्ये जन्मलेला हा मुलगा न्यूयॉर्कमध्ये वाढला आणि तरुणपणी मुलींशी बोलायला अतिशय लाजायचा. एकोणिसाव्या वर्षी त्याने स्वतःलाच गृहपाठ दिला. घराजवळच्या वनस्पती उद्यानात महिनाभर जायचं, बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की त्याच बाकावर बसायचं आणि सभ्यपणे चार शब्द बोलायचे. एलिस सांगत, की अशा १३० जणी भेटल्या. त्यातल्या ३० तिथून उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं. पुन्हा भेटायला एकच कबूल झाली आणि तीही आली नाही. इतके नकार मिळूनही आभाळ कोसळलं नाही. कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी पोलिसांना बोलावलं नाही, आणि बोलण्याची भीती गेली. पुढे मानसशास्त्रज्ञ झाल्यावर याच एलिस यांनी १९५५ मध्ये आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. घटना आपल्याला जितकं दुःख देते त्याहून जास्त दुःख त्या घटनेबद्दलची आपली हटवादी समजूत देते, आणि ती समजूत वादात हरवता येते, हा तिचा गाभा. महाराष्ट्रात ही पद्धत रुजवण्याचं मोठं काम किशोर फडके यांनी केलं. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी मराठी वाचकांनी जरूर वाचावी.

एलिस यांच्या त्या महिन्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. भीती जायची वाट बघत ते घरी बसले नाहीत. आधी आत्मविश्वास येईल आणि मग मी काम करीन, हा आपला क्रमच उलटा आहे. आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये ‘हे मला जमेल’ या विश्वासाचे चार उगम सांगितले. स्वतः काम तडीस नेल्याचा अनुभव, आपल्यासारख्या माणसाने ते केलेलं पाहणं, विश्वासाच्या माणसाने दिलेला धीर, आणि शरीराच्या अवस्थेचा आपण लावलेला अर्थ. यात पहिला सर्वांत बळकट. धीराचे शब्द लागतात, पण एकट्या शब्दांवर भागत नाही.

आमच्या वर्गाची घडी मी या चारांवर बसवली आहे. पहिला महिना फक्त बेरीज-वजाबाकी, पाढे आणि अपूर्णांक. तेही विड्यांचे, दळणाचे, भिशीचे. बीजगणिताचं पुस्तक त्यानंतर उघडतो. रोज एक उदाहरण प्रत्येकीने कुणाची मदत न घेता शेवटच्या पायरीपर्यंत न्यायचं, मग ते कितीही सोपं असो. उत्तराखाली तारीख घालायची. ‘मला काही येत नाही’ असं मन म्हणायला लागलं, की वही उघडून त्या तारखा बघायच्या. वहीत उतरलेली गोष्ट मनाला नाकारता येत नाही.

दुसरा नियम चुकीच्या नावाचा. ‘माझं गणित कच्चं आहे’ असं आमच्या वर्गात म्हणू देत नाही. नेमकं काय चुकलं ते सांगायचं. एकीची दोन चलांतील समीकरणं सतत चुकायची. वही नीट पाहिली तर मांडणी स्वच्छ, गुणाकार बरोबर, पायऱ्या क्रमाने. फक्त कंसाबाहेर उणे असलं, की कंस सोडवताना आतलं दुसरं चिन्ह बदलायचं राहून जायचं. पानभर उदाहरणांत हीच एक चूक. ती स्वतःला बिनडोक म्हणत होती आणि तिचा आजार एका चिन्हाएवढा होता. तिने प्रत्येक उणे कंसाभोवती लाल पेनने गोल काढायला सुरुवात केली आणि उत्तरं जुळू लागली. ‘मी ढ आहे’ यावर काहीच करता येत नाही. ‘कंस सोडवताना माझं चिन्ह चुकतं’ यावर आज संध्याकाळी काम सुरू करता येतं.

तिसरी गोष्ट उदाहरणांची. मंगला नारळीकर यांच्याबद्दल मी सांगते. घर आणि तीन मुलींना सांभाळून त्यांनी १९८१ मध्ये गणितात पीएचडी पूर्ण केली, आणि ‘गणिताच्या सोप्या वाटा’सारखं पुस्तक मराठीत लिहिलं. बायका मन लावून ऐकतात. पण त्यांच्या डोळ्यांत खरी चमक येते ती त्याच गल्लीतली, विड्या वळून दहावी पास झालेली बाई वर्गात येऊन बसते तेव्हा. ‘पहिल्या दिवशी पेपर हातात घेतला तर अक्षरं दिसेनात. दोन मिनिटं डोळे मिटून बसले, मग दिसली,’ असं ती सांगते, तेव्हा धडधडणारी छाती म्हणजे नापास होण्याची खूण नव्हे, हे त्यांना माझ्या व्याख्यानाशिवाय समजतं. मोठ्या माणसांची चरित्रं जरूर वाचावीत. पण ज्याला धीर हवा आहे त्याला त्याच्यासारखंच, त्याच्याहून एक पाऊल पुढे असलेलं माणूस दाखवा.

मनाशी बोलायची आपल्याकडे जुनी रीत आहे, तीही कामी येते. समर्थ रामदासांनी मनाचे २०५ श्लोक लिहिले, ते मनाला समोर बसवून. संतकवी अभंगाच्या शेवटी स्वतःचं नाव घेऊन बोलतात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की ताणाच्या प्रसंगी ‘मी’ म्हणण्याऐवजी स्वतःला नावाने संबोधून विचार करणाऱ्यांना भाषण देण्यासारख्या कामात कमी त्रास झाला आणि ते काम त्यांनी अधिक चांगलं केलं. नाव घेतलं की आपण स्वतःकडे थोडं लांबून बघतो, आणि परक्या माणसाशी माणूस सहसा इतकं निष्ठुर बोलत नाही. म्हणून वर्गात मी विचारते, ‘तुझ्या मुलीचं हेच उदाहरण चुकलं असतं तर तिला काय म्हणाली असतीस?’ ‘म्हणाले असते, परत एकदा करून बघ गं.’ मग स्वतःला तेच म्हणायचं, नाव घेऊन.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. प्रत्येक ‘जमत नाही’ मनाचा खेळ नसतो. दिवसाला हजार विड्या वळून, स्वयंपाक उरकून, सासूची औषधं देऊन वर्गाला येणाऱ्या बाईला अभ्यासाला वेळ नसतो, ही वस्तुस्थिती आहे. तिला ‘विचार बदला, जग बदलेल’ असं सांगणं हा अन्याय आहे. तिला तासभर मोकळा वेळ, उजेड आणि घरच्यांचा हातभार हवा. आत्मविश्वासाच्या नावाखाली परिस्थितीचं ओझं तिच्याच माथी मारू नये. दुसरी गोष्ट, झोप आणि भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर तो आजार आहे. तिथे वही-पेनाचे उपाय पुरणार नाहीत. तिथे डॉक्टर हवेत. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते. ताप आल्यावर दवाखान्यात जातो तितक्या सहज तिथे फोन करावा.

माझी खरी विनंती शिक्षकांना आणि आईवडिलांना आहे. मूल स्वतःशी कसं बोलेल, हे आपण त्याच्याशी कसं बोलतो यावर पुष्कळसं ठरतं. चूक दाखवा, जरूर दाखवा. ती न दाखवणं म्हणजे मुलाला फसवणं. पण बोट वहीवर ठेवा, मुलावर ठेवू नका. ‘तुला कधीच येत नाही’ म्हणण्याऐवजी ‘या पायरीवर बघ’ म्हणायला तेवढाच वेळ लागतो. ‘ढ’, ‘मठ्ठ’, ‘बिनडोक’ हे शब्द उद्यापासून आपल्या वर्गातून आणि घरातून हद्दपार करा. ‘पाहुण्यांसमोर पाढा म्हणून दाखव’ हेही थांबवा. दोन मुलांची तुलना तर नकोच नको.

आणि ज्यांच्या मनात असं वाक्य वर्षानुवर्षं बसलं आहे, त्यांनी ते एकदा कागदावर उतरवून काढावं. खाली पक्ष लिहा, म्हणजे खरोखर काय घडलं तेवढंच. मग साध्य म्हणून तुमचं ते वाक्य लिहा. मग सिद्धता द्यायचा प्रयत्न करा, आणि ‘काहीच नाही’, ‘कधीच नाही’ अशा विधानाला खोटं ठरवायला विरुद्ध बाजूचं एकच खरं उदाहरण पुरतं, हा गणिताचा नियम विसरू नका. ते उदाहरण तुमच्याजवळ आहे. ‘हा तर हिशेब झाला’ असं म्हणून ते बाजूला सारू नका.